उतारावरची वीण

वस्ती जिला मोजपट्टी म्हणायची त्या सुनेनं मोरीमागची ओली जमीन उकरली आणि चार महिन्यांपूर्वी पुरलेले तिन्ही तुकडे बाहेर काढले. पहिला तागाचा होता. उचलायला गेली तर भिजलेल्या कागदासारखा तुटून निम्मा जमिनीतच राहिला. दुसरा काथ्याचा. काळा पडला होता, वास मारत होता, पण दोन्ही हातांनी ओढला तरी तुटेना. तिसरा प्लॅस्टिकच्या जाळीचा. त्यावर तांब्याभर पाणी ओतलं, तर तो काल दुकानातून आणल्यासारखा हिरवागार निघाला.

सासरे ओट्यावर बसून हा सगळा उद्योग बघत होते. "लागला निकाल?" ते म्हणाले. "ज्याला काहीच झालं नाही त्याचा पहिला नंबर. एवढ्यासाठी चार महिने मोरीत खेळ मांडला होतास होय?"

"खेळ नाही मामंजी," ती म्हणाली, आणि काथ्याचा तुकडा उन्हात पसरला.

मोजपट्टी हे तिचं काही माहेरचं नाव नव्हे. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं घराचं दार वितीनं मोजलं आणि नवं कपाट आत जायचं नाही असं सांगितलं. चार बाप्यांनी हसत हसत कपाट उचललं, ते दारात अडकलं ते अडकलंच, आणि तेव्हापासून सगळी वस्ती तिला मोजपट्टी म्हणायला लागली. सासऱ्यांना सगळे बाजवाले म्हणत. बाजा, खाटा विणण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. विणून झालेल्या खाटेवर ते तळहाताची थाप मारत. ती ढोलासारखी वाजली तरच गिऱ्हाइकाच्या डोक्यावर द्यायची, नाही तर उसवून पुन्हा विणायची. 'आता तीस वर्षं बघायला नको' हे वाक्य ते प्रत्येक खाटेबरोबर फुकट देत.

अशा घरावर मागचा उतार चालून आला होता. वरचा रस्ता रुंद करताना मशीननं उताराचं डोकं खरवडलं, झुडपं उपटून फेकली आणि तो नागडा करून ठेवला. गेल्या पावसाळ्यात माती रोज घमेलं-दोन घमेली खाली यायची आणि मोजपट्टी रोज ती भरून बाजूला टाकायची. मग एका सकाळी कामाच्या पडवीत गुडघाभर चिखल शिरला आणि विणायच्या दोन चौकटी त्याच्याखाली गेल्या. पाहणीला साहेब आले. त्यांनी उताराकडं पाहिलं, घराकडं पाहिलं आणि घराचा नंबर धोक्याच्या यादीत घातला. पुढचा पावसाळा संपला की पुन्हा येतो, म्हणाले. उतार जागेवर असला तर राहा, नसला तर खालच्या वसाहतीत एक खोली मिळेल.

ती खोली मोजपट्टी बघून आली होती. लांबीला सहा पावलं, रुंदीला पाच. चौकट उभी केली की माणसाला आडवं व्हायला जागा नाही, आणि माणूस आडवा झाला की चौकटीला नाही. पडवी नाही, अंगण नाही. तिथं गेलं की या घरातलं विणणं संपलं, आणि सासरे भिंतीला टेकून नुसते बसून राहणार. त्यांचे रिकामे हात बघणं तिला सहन झालं नसतं.

नवरा टेम्पो चालवायचा. साहेबांच्या ऑफिसातून प्लॅस्टिकच्या जाळीची चार भेंडोळी फुकट मिळाली, ती त्यानं अंगणात आणून टाकली होती. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा तिनं तीन तुकडे त्याच्यापुढं मांडले.

"मग ठरलं की," तो म्हणाला. "हिरवी अंथरू या. आयती आली आहे."

"अहो, गवळ्याचा उतार बघितलात का जवळून?"

"लांबून बघितलाय."

"लांबून सगळंच बरं दिसतं. चला."

गवळ्याचं घर चार घरं सोडून होतं. त्याच्या उतारावर दोन वर्षांपूर्वीच हिरवी जाळी ठोकली होती. गवत उगवलं होतं, पण ते जाळीलाच वर उचलून बसलं होतं, आणि खालची माती सरकत सरकत पायथ्याशी येऊन जाळीत साठली होती. भरलेल्या पोत्यासारखी जाळी फुगली होती. वर उघडा खडक दिसत होता.

"जाळी एक नंबर आहे," गवळी म्हणाला. "जाळीला काडीचं काही झालं नाही. माती तेवढी गेली." मग त्यानं शेळीचा पाय दाखवला. जाळीत अडकून सोलवटलेला, हळद लावून बांधलेला. "आणि गवत कापायला जावं तर विळा अडकतो. बाकी तक्रार नाही."

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "ताग का नको? मऊ असतो, अंथरायला हलका."

"ताग एका पावसाळ्याचा सोबती. सपाट जमीन असती तर चाललं असतं. आपला उतार उभा आहे, त्याला गवताच्या मुळ्या खोल जायला दोन-तीन पावसाळे लागतील. काथ्या तेवढा दम धरतो."

"आणि त्यानंतर?" सासरे आतून ओरडले. त्यांचे कान तिखट होते.

"त्यानंतर कुजेल, मामंजी. कुजून मातीत जाईल. तोवर माती मुळ्यांनी धरलेली असेल."

सासरे बाहेर आले. "म्हणजे विणायचं ते कुजवायला? मी पन्नास वर्षं विणतोय. माझ्या हातचं काही कुजावं म्हणून मी कधी गाठ मारली नाही, आणि मारणार नाही. तुझं तू बघ."

"बघते," ती म्हणाली.

तिच्या माहेरी काथ्याचा सुंभ वळायचा धंदा होता. नवऱ्यानं दोन खेपा करून टेम्पोभर सुंभ आणला. तिनं तो टाकीत भिजवला, पडवीतला चिखल उपसून वाचलेली एक चौकट उभी केली आणि बोटभर मोकळी घरं सोडून जाळी विणायला बसली. ओला काथ्या बोटं खातो. दुसऱ्या दिवशी तिची तर्जनी फाटली, तिसऱ्या दिवशी अंगठा. रात्री ती हाताला तेल लावायची, तर नवरा म्हणायचा, "भांडी घासायला वेगळा काथ्या नको आता, तुझा हात पुरेल." ती तोच हात त्याच्या पाठीवरून फिरवायची आणि तो ओरडत उठायचा.

सासरे रोज ओट्यावर बसून दुसरीकडं बघत. पण माणसाची नजर कितीही वळवली तरी कान कुठं वळवणार? दोरी ओढल्याचा आवाज आला की त्यांना कळायचं की गाठ सैल पडली. चौथ्या दिवशी ते उठले, पडवीत आले आणि तिच्या डोक्यावर उभे राहिले.

"ही गाठ आहे का सुजलेला अंगठा?"

"गाठ आहे."

"ऊठ."

"तुम्ही कुजायचं विणणार नाही म्हणालात."

"विणत नाही. तुझं चुकलेलं सोडवतो आहे. ऊठ म्हटलं ना!"

सोडवता सोडवता त्यांनी विणायला कधी सुरुवात केली ते दोघांपैकी कुणीच बोललं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. मोजपट्टीनं त्या पिळाला हात लावला नाही, फक्त भिजवलेला सुंभ मुकाट्यानं त्यांच्या हाताशी ठेवत गेली. अडीच महिने दोघं विणत होती. नवरा कामावरून आला की दोऱ्या सोडवून द्यायचा. चार हात रुंद आणि बावीस हात लांब अशा सहा पट्ट्या झाल्या. बावीस हात हे माप तिचंच. उताराच्या डोक्यावर खुंटी ठोकून पायथ्यापर्यंत दोरी ताणून तिनं ते दोनदा घेतलं होतं.

मग तिघं उतारावर गेली. वर आडवा चर खणला. सुटे दगड काढले, माती कुदळीनं हलकी केली, गवताचं बी फेकलं. पट्टीचं टोक चरात पुरून खुंट्या ठोकल्या आणि भेंडोळं खाली सोडलं. खाली सासरे उभे होते. सत्तरीचा माणूस, पण पट्टी हातात आली तशी त्यांनी टाच मातीत रोवली आणि अशी ओढली की वरच्या खुंट्या करकरल्या.

"ठोक!" ते ओरडले. नवऱ्यानं मोगरीनं खुंटी ठोकली.

सहाव्या दिवशी काम झालं. सगळा उतार एका प्रचंड बाजेसारखा दिसत होता, एक सुरकुती नाही. बघायला गवळी आला, शेजारपाजार आला. सासऱ्यांनी वाकून जाळीवर थाप मारली आणि ती वाजली. भोकं भोकं ठेवून विणलेली जाळी वाजते हे कुणी ऐकलंही नव्हतं. गवळी म्हणाला, "बाजवाले, यावर गादी टाका, डोंगर झोपेल." सासऱ्यांनी त्या दिवशी दोन वेळा चहा मागितला.

पाऊस लागला. सुरुवातीच्या सरी जाळीनं मुकाट झेलल्या आणि अंगणात पाणी नितळ आलं. मग आठवड्यानं एका दुपारी जो बसला तो उठायचं नाव घेईना. मोजपट्टी पडवीत उभी राहून पागोळ्या बघत होती, तेवढ्यात मागून येणारा पाण्याचा ओहोळ लाल झाला. बघता बघता घट्ट झाला.

तिनं पदर खोचला आणि उतार चढली. नवरा मागून हाका मारत होता. वर जाळी जशीच्या तशी होती, ताठ, देखणी, एकही खुंटी हललेली नव्हती. तिनं गुडघे टेकले आणि जाळीच्या घरातून बोटं आत घातली. बोटांना माती लागली नाही. मग तिनं दोन पट्ट्यांच्या सांध्यातून हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला, आणि तिथं पाणी पळत होतं. तिच्या बोटांवरून माती आणि भिजलेलं गवताचं बी वाहत चाललं होतं. उताराला खड्डे होते, उंचवटे होते. जाळी उंचवट्यावरून उंचवट्यावर गेली होती आणि खड्डे खाली उघडेच राहिले होते. वरून बाज, खालून ओढा.

ती खाली आली तेव्हा दात वाजत होते. "मामंजी, माझं चुकलं," ती म्हणाली. "मी दोरी ताणून मोजलं. खड्ड्यात उतरून वर यायला दोरी जास्त लागते, ती धरलीच नाही. जाळी जमिनीला टेकतच नाहीये."

"तू मोजलंस ते मोजलंस," सासरे म्हणाले. "पण ओढली मी. तू जास्त दिली असतीस तरी मी ओढून ताठच केली असती. माझ्या हाताला ढिलं ठेवता येत नाही."

गवळी डोक्यावर पोतं घेऊन आला होता. "आता काय करता? आभाळच फाटलंय, ठिगळ कुठंकुठं लावणार?"

"हिरवी भेंडोळी पडलीत अजून," नवरा हळूच म्हणाला. "उघडीप मिळाली की वरून तीच..."

"तीही अशीच ताठ बसेल," मोजपट्टी म्हणाली. "चुकला तो काथ्या नाही, आपले हात चुकले. हात सुधारायचे. उद्या पाऊस असो नसो, मी वर जाणार."

सकाळी पावसाचा जोर ओसरला होता. ती विळा घेऊन निघाली तर सासरे आधीच उतारावर. चिखलात घसरत, एका हातानं जाळीला धरून, दुसऱ्या हातात खाटेची दोरी कापायची सुरी. पहिल्या खड्ड्यापाशी ते थांबले. पन्नास वर्षांत त्यांनी आपली वीण उसवली होती पुष्कळदा, पण कापली नव्हती. उसवण्यात गाठीचा मान राहतो. त्यांनी सुरी लावली. ताणलेला सुंभ तटातट तुटत गेला आणि जाळी खड्ड्यात लोळली.

"दाब," ते म्हणाले.

तिनं पायानं, मग हातानं, मग गुडघ्यानं जाळी खड्ड्यात दाबली. जिथं कापलं तिथं हात-दीड हाताची फट पडत होती. दुपारपर्यंत अशा चौदा फटी झाल्या. चौदा ठिगळं हवी होती आणि सुंभ संपला होता. माहेरचा रस्ता पाण्याखाली होता, टेम्पो जाणार नव्हता.

"बघू," सासरे म्हणाले आणि खाली गेले.

बराच वेळ ते वर आले नाहीत म्हणून ती घरात डोकावली. ते जमिनीवर बसले होते. पुढ्यात त्यांची स्वतःची खाट उलटी पाडलेली, आणि ते एकेक गाठ नखानं सैल करून सुंभ सोडवत होते. सासूबाई गेल्या त्या याच खाटेवर.

"मामंजी, ही नको."

"का? जमीन काय पळून चालली आहे? झोपेन खाली." त्यांनी वर बघितलं नाही. "तुमच्या दोन्ही खाटा आण. आणि उभी राहू नकोस, टोक धर."

दोन दिवस पावसाच्या उघडझापीत त्यांनी ठिगळं विणली आणि बसवली. वरच्या जाळीची कड खालच्यावर यायला हवी, कौलं घालतात तशी, म्हणजे पाणी सांध्यात शिरत नाही. ओल्या सुंभानं तिघांच्याही तळहाताची सालं निघाली. नवऱ्यानं दोन दिवस कामावर दांडी मारली. उताराच्या मधोमध तो एकदा पाय घसरून बसल्या बसल्या थेट अंगणात पोचला. शेजारणी खिडकीतून हसल्या. तो उठला आणि पुन्हा चढायला लागला.

सगळ्यात अवघड गेलं ते सासऱ्यांना. खुंटी ठोकायच्या आधी त्यांचा हात आपोआप ओढ घ्यायचा.

"ढिलं, मामंजी."

"ढिलंच आहे."

"अजून ढिलं. खाली बोट घालून बघा, माती लागली पाहिजे."

ते बोट घालून बघायचे, तोंड वाकडं करायचे, आणि इंचभर सोडायचे. कुणी जबरदस्तीनं शिवी द्यायला लावावी तसा त्यांचा चेहरा व्हायचा. शेवटच्या ठिगळावर त्यांनी सवयीनं थाप मारली. नुसता ओला फटका ऐकू आला.

"वाजत नाही," ते म्हणाले.

"नकोच वाजायला."

"हं," ते म्हणाले, आणि दोन्ही हात टेकून, लहान मुलासारखे बसून बसून उतार उतरले.

त्यानंतर पावसानं काही दया केली नाही. पूर्वेकडच्या कोपऱ्यात एका रात्रीत बैलगाडीभर माती सुटलीच. ती त्यांनी घमेल्यानं परत वर नेली आणि नवं बी टाकलं. पण बाकीचा उतार जागचा हलला नाही. जाळीच्या घराघरांत आधी चिखल अडकला, मग कचरा, आणि मग कोंब वर आले. महिन्याभरात जाळी शोधावी लागायला लागली. तिघंही तोवर जमिनीवर झोपत होती. सासऱ्यांची कंबर धरली, पण त्यांनी एक शब्द काढला नाही. कण्हायचे तेही भिंतीकडं तोंड करून.

पाऊस संपल्यावर साहेब आले. हातात यादी, बगलेत छापील कागदांचा गठ्ठा. बूट काढून त्यांनी पँट दुमडली आणि उतार चढले. मागोमाग मोजपट्टी, नवरा, सासरे. साहेबांनी गवत बाजूला सारून जाळी उचलून बघायचा प्रयत्न केला. ती उचलेना. त्यांनी दोन हातांनी ओढली. गवताच्या मुळ्या जाळीतून खाली गेल्या होत्या, त्यांनी ती धरून ठेवली होती.

"ही आमची जाळी नव्हे," साहेब म्हणाले.

"नाही. तुमची भेंडोळी अंगणात आहेत, जशीच्या तशी," मोजपट्टी म्हणाली. "घेऊन जा."

साहेबांनी कागद काढला आणि रकाने भरायला लागले. कामाची लांबी त्यांनी विचारली, रुंदी विचारली. तिनं सांगितली, आणि या वेळी खड्ड्यांसकट सांगितली. मग साहेबांचं पेन थांबलं.

"टिकाऊपणा, वर्षं. इथं आकडा लागतो. प्लॅस्टिकला आम्ही वीस लिहितो. हे किती टिकेल?" त्यांनी सासऱ्यांकडं बघितलं. "तुम्ही विणलंय ना हे? तुम्हीच सांगा."

खरा आकडा लहान होता, आणि लहान आकड्यावर घर जाईल की राहील हे मोजपट्टीला माहीत नव्हतं. आणि सासऱ्यांच्या तोंडात तर पन्नास वर्षं एकच आकडा बसलेला होता, तीस. खोटं असो खरं असो, तो बाहेर येणार, आणि साहेब तो लिहिणार, असंच तिला वाटलं.

"तीन," सासरे म्हणाले.

"फक्त तीन वर्षं?"

"तीन. फार तर चार. त्यानंतर या आणि उकरून बघा, साहेब." त्यांनी वाकून पायाशी गवताचा एक झुपका मुठीत धरला आणि ओढला, तो आला नाही. "माझी जाळी सापडली, तर आमचं काम फसलं असं लिहा. आम्ही आपणहून सामान बांधतो."

साहेबांनी त्या मुठीकडं बघितलं. मग त्यांनी रकान्यात तीनचा आकडा लिहिला, धोक्याच्या यादीचं पान उलटलं आणि घराच्या नंबरावर आडवी रेघ मारली. मोजपट्टी होती तिथंच गवतात बसली आणि हमसून हमसून रडली.